हंडा आणि घड्याळ

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन डोंगरवाटा तुडवीत असे आणि म्हणूनच ती धावपटू झाली, ही कथा आम्ही नाशिककर इतक्या अभिमानाने व इतक्या वेळा सांगत आलो आहोत की, तिच्यातील ‘म्हणूनच’ हा शब्द तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. हरसूलच्या परिसरात हंडे वाहणाऱ्या मुली तेव्हाही पुष्कळ होत्या, आजही आहेत. त्या धावपटू झाल्या नाहीत, त्यांच्या माना मात्र अकाली दुखू लागल्या. दारिद्र्याला उत्कर्षाची जननी ठरविणे हा त्या मुलींवर अन्याय आहे, आणि कवितेवरही.

कष्ट आणि साधना यांची जात निराळी. पाणी घरी पोचले की कष्टाचे प्रयोजन संपते. काल किती वेळ लागला, आज किती लागला, हा हिशेब तेथे कोणी मांडीत नाही. साधनेला मात्र हा हिशेब रोज चुकता करावा लागतो, आणि तो राखणारा, चूक दाखवणारा माणूस जवळ असावा लागतो. कवितेला तो नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्या रूपाने भेटला.

गेल्या थंडीत गोल्फ क्लब मैदानावर पहाटेच्या धुक्यात एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शेवटची फेरी संपवून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिलेली मी पाहिली. श्वास जागेवर येण्यापूर्वीच तिने विचारले, “सर, किती?” सरांनी आकडा सांगितला. तिने सुटलेली नाडी बांधली आणि ती पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. स्तुतीची अपेक्षा त्या प्रश्नात नव्हती. स्वतःविषयीचे सत्य ऐकण्याची तयारी होती, आणि ही तयारी मला पदकाहून दुर्मीळ वाटते.

2010 च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कवितेने 33 मिनिटे 5.28 सेकंदांत कांस्यपदक मिळविले, तेव्हा गौरवाचा वर्षाव झाला आणि तो योग्यच होता. नोव्हेंबरात ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तेच अंतर तिने 31 मिनिटे 51.44 सेकंदांत तोडले, प्रीजा श्रीधरनच्या मागे एका सेकंदाहूनही कमी अंतराने रौप्य घेतले. हवा निराळी, शर्यतीची चाल निराळी, हे मान्य करूनही मिनिटाहून अधिक असलेला तो फरक काय सांगतो, याचा विचार पदकाच्या रंगापाशी थांबणाऱ्याला सुचणार नाही. घड्याळ पक्षपात करीत नाही, हेही विसरू नये: 2016 साली गुवाहाटीला मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकणारी हीच कविता त्याच वर्षी रिओला 120वी आली. तो आकडा लपविण्याचे कारण मला दिसत नाही. पहिल्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपल्याला त्यानेच मिळतो.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची हकीकत याहून विलक्षण आहे. अवर्षणाच्या गावचा, वडिलांबरोबर विहिरी खणलेला हा तरुण लष्करात दाखल झाल्यावर 2012 साली वल्हे हाती धरतो आणि चार वर्षांत रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा येतो. विहिरी खणून खांदे बळकट होत असतील. पण पाण्यावर नाव सरळ ठेवण्याची विद्या खांद्यांत नसते, ती रोजच्या दुरुस्तीतून उतरते. 2018 साली पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीची शर्यत आजारी अंगाने संपवून तो कोसळला, सहावा आला. दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या नावेत सुवर्ण मिळविले. त्या नावेत एकाचे वल्हे क्षणभर आधी बुडाले तरी चौघांची मेहनत वाया जाते. आदल्या दिवशीचे दुःख बाजूस ठेवून तिघांच्या लयीत आपले वल्हे टाकणे यासाठी लागणारा संयम कोणत्याही दुष्काळाने शिकविलेला नसतो.

विजेत्यांची मिरवणूक काढण्यात आपला जिल्हा हात आखडता घेत नाही. त्याच खर्चातून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आश्रमशाळांच्या पटांगणांवर एकेका जाणत्या प्रशिक्षकाची कायम नेमणूक करण्याची तजवीज व्हावी, आणि पाणी आणण्याचे काम त्या मुलींकडून काढून नळाकडे सोपवावे, म्हणजे सकाळची ती वेळ त्यांना धावण्यासाठी मोकळी होईल.