हळदीचा डाग

गाडी विकायची ठरली तेव्हा ती एकदा आतून-बाहेरून स्वच्छ करून घ्यावी, असे माझ्या मनात आले. पाहुणे येणार म्हटले की आपण सतरंजी झटकतो, तशातलाच तो विचार. त्यात काही वावगे होते असे मला आजही वाटत नाही. वावगे जे घडले ते पुढे, एका डागापायी.

मी शिर्डीत राहतो. आमच्या गावात देवाच्या खालोखाल कशाची चर्चा होत असेल तर ती गाड्यांची. नगर-मनमाड रस्ता गावातून जातो. २०१७ साली काकडीचा विमानतळ सुरू झाला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला. गाड्या धुण्याच्या केंद्रावर घटकाभर बसावे म्हणजे या भक्तीची दुसरी बाजू दिसते. उदीची पुडी फुटून खाचाखाचांत बसलेली राख, पेढ्याचे तूप, नारळाचे पाणी, चुरगळलेल्या गुलाबाचे लालसर ओघळ. माणसे मन धुवायला शिर्डीला येतात आणि गाडी डागाळून परत जातात. निंदा म्हणून हे लिहीत नाही. माझ्या गाडीवरचा डागही असाच, पूजेचाच होता.

दसरा हा शिर्डीत दुहेरी दिवस. साईबाबांनी देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला. त्यामुळे पुण्यतिथीचा उत्सव आणि घरोघरची वाहनपूजा येथे एकाच दिवशी येतात. सात वर्षांपूर्वी अशाच दसऱ्याला नवी गाडी दारात उभी राहिली. पत्नीने तेलात हळद कालवून समोरच्या फळीवर स्वस्तिक काढले आणि मागे वळताना तिच्या हातातली वाटी कलंडली. गिअरच्या दांड्यापुढे जो उथळ कप्पा असतो त्याच्या बदामी रंगाच्या काठावर हळद सांडली. वरचे स्वस्तिक पुढच्या दसऱ्यापर्यंत उन्हाने पार पुसून टाकले. खालचा डाग मात्र सावलीत होता. तो तसाच राहिला. सात वर्षे मला त्याचे काही वाटले नाही. विकायचे ठरले त्या दिवशी एकाएकी तो डोळ्यांत खुपू लागला. वस्तू आपली असते तोवर तिचे डाग आपल्याला दिसत नाहीत. गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहू लागलो की दिसतात.

आधी मी स्वतःच साबणाचे पाणी करून घासले. पिवळा डाग पाहता पाहता लाल झाला! मी दचकलोच. नंतर आठवले, हळदीतला रंग क्षार लागला की तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साध्या पाण्याने पुसल्यावर तो पुन्हा पिवळा झाला. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलातून मात्र तो सहज पसरतो आणि प्लास्टिकच्या बारीक दाणेदार पृष्ठात मुरून बसतो. मऊ ब्रश, पातळ साबण, मग कापसावर थोडे स्पिरिट, तेही आधी कुठेतरी आडोशाला लावून पाहायचे आणि नंतर गाडीचे दार उघडून तेवढा भाग उन्हाकडे करून ठेवायचा, इतकाच त्याला उपाय आहे. उपायाचा खरा भाग म्हणजे वाट पाहणे. मला तर दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायची होती.

केंद्रावरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने त्याच्या परीने दोन-तीनदा घासून पाहिले आणि म्हणाला, “सर, एवढाच निघंल. आता राहू द्या.” घराच्या रंगकामातून उरलेला थिनर माझ्या डिकीत होता. मी तो काढून दिला. तो म्हणाला, “थिनर नको सर, प्लास्टिक खातंय ते.” त्यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. “गाडी माझी आहे. काहीही कर, पण डाग काढ.”

डाग निघाला. त्याबरोबर प्लास्टिकही निघाले. काही प्लास्टिके थिनरने मऊ पडतात. हे तसलेच असावे. चामड्यासारखी दिसणारी बारीक नक्षी वितळून तेथे पांढुरका, चकचकीत चट्टा उमटला. हळदीपेक्षा तो दुप्पट दिसत होता. मी संतापलो. धुलाईचे तीनशे रुपये ठरले होते, ते दिले नाहीत. “एवढं नुकसान केलंस, वर पैसे कसले मागतोस?” असे म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याने फडके पिळले आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. कोपरगावचे गृहस्थ, शिर्डीहून शनिशिंगणापूरला यात्रेकरू नेण्यासाठी त्यांना गाडी हवी होती. चट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे काय झालं?” मी म्हणालो, “धुणाऱ्या पोरानं थिनर लावला.”

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. थिनर त्यानेच लावला होता. माझ्या त्या तीन-चार शब्दांनी कोणाचे काय बिघडले, हाच प्रश्न मला गेले काही दिवस सतावतो आहे. गिऱ्हाईक फसले नाही. चट्टा त्याने डोळ्यांनी पाहिला आणि त्यासाठी दोन हजार कमी करून घेतले. मीही फायदा उकळला नाही. उलट, ठाऊक असूनही त्या मुलाने थिनर लावलाच का, असा युक्तिवाद मला करता आला असता, आणि मनातल्या मनात मी तो केलाही. पण नकार देणे हे ज्याला परवडते त्यालाच परवडते. त्याने नकार दिला होताच. मी तो ऐकला नव्हता.

‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या क्षणी टेकला म्हणतात. माझी गाडी आधीपासूनच जमिनीवर, तेव्हा तसली काही खूण मिळण्याची सोय नव्हती. पण धर्मराजाचे वाक्य निदान द्रोणांना ऐकू गेले होते. माझे वाक्य ज्याच्याविषयी होते तो तेथे नव्हताच. ज्याच्या अंगावर डाग पडला त्याला तो दिसलाही नाही. अन्याय ज्याला कळत नाही त्याच्यावर तो झाला असे म्हणायचे की नाही? पुष्कळ सज्जन माणसे ‘नाही’ म्हणतील. मला ते पटत नाही. कारण ते गृहस्थ आता रोज शिर्डीत असतात, त्यांच्या ओळखीचे पाच-पंचवीस चालक असतात, आणि “त्या पोराच्या हाती गाडी देऊ नका” हे वाक्य माझ्या वाक्यापासून फार लांब नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीत प्रायश्चित्ताविषयी एक वचन आहे. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते; जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्त घेणारा व्यवहाराला योग्य होतो, एवढेच ते म्हणते. मुळात ‘व्यवहार्य’ वाचायचे की ‘अव्यवहार्य’, यावरही वाद आहे. पापाचे निवारण वेगळे आणि माणूस पुन्हा चारचौघांत बसण्याजोगा होणे वेगळे, हा भेद ज्यांनी केला त्यांना डागांची चांगली पारख असली पाहिजे. माझी सगळी धडपड गाडी व्यवहाराला योग्य करण्याची होती. तिच्यावरची हळद म्हणजे पत्नीच्या हातून अजाणता सांडलेली गोष्ट. ती घालवण्यासाठी मी जे केले ते पूर्ण शुद्धीवर असताना केले.

हे सारे पत्नीला सांगितले तेव्हा तिने पहिल्यांदा विचारले ते भलतेच. “अहो, हळदीचा डाग उन्हात जातो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्या मुलाचे पैसे देऊन या.”

आधी मी कोपरगावच्या गृहस्थांना फोन केला. थिनर मीच दिला होता आणि मुलगा नको म्हणत होता, हे सांगितले. ते हसले. “सर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तिथं बाबांची मूर्ती चिकटवलीय. वर काचेजवळ ठेवली की उन्हानं रंग उडतो, तिथं सावली आहे. चांगली जागा झाली.”

मग केंद्रावर गेलो. तीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि चूक माझी होती असे म्हणालो. गिऱ्हाइकापाशी त्याचे नाव पुढे केले होते, हे मात्र सांगायचे तोंडाशी येऊन राहिले. त्याने ओल्या बोटांनी नोटा मोजल्या, वरच्या खिशात ठेवल्या.

“डाग गेला का मग, सर?”

“त्यावर मूर्ती बसवलीय,” मी म्हणालो.

तो “बरं झालं” म्हणाला आणि पुढच्या गाडीतली पायपुसणी झटकायला वळला.