रेजाच्या हाती थापी

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं, की गोरेवाडा, फेटरी मागे पडतात आणि लेआउटच्या पाट्या कळमेश्वरपर्यंत सोबत करतात. कालच्या वावरात आज चुन्याच्या रेषा आखलेल्या, कुठे पाया खणलेला, कुठे स्लॅब पडलेला. घरं-प्लॉटच्या या व्यवसायात बायकांनी यावं, असं हल्ली सगळेच म्हणतात. पण त्या इथे आधीपासून आहेत. विदर्भात त्यांना नावही आहे: रेजा.

रेजा म्हणजे विटा वाहणारी, डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढणारी मजूर. वर्षानुवर्षं कामावर राहून माल कसा कालवायचा, हे तिला मिस्त्रीइतकंच कळतं. तरी ती रेजाच. तिच्यासोबत कामाला लागलेला पोरगा काही वर्षांत थापी आणि ओळंबा हाती घेतो, मिस्त्री होतो. 'मिस्त्रीण' म्हटलं तर आपल्या डोळ्यांपुढे मिस्त्रीची बायको येते! समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच आला. पण कामच वेगळं ठरवलं, की मजुरीही वेगळी ठरवता येते.

शिकलेल्या मुलीचंही फार निराळं नाही. वास्तुविशारद पेरिन मिस्त्री १९३६ साली मुंबईच्या जे. जे.मधून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा वडिलांची फर्म पाठीशी होती. आज नागपुरातच मनोरमाबाई मुंडले महाविद्यालयात वास्तुकला शिकता येते. पण शिकून आलेल्या मुलीला लोक सांगतात, 'तुम्ही इंटिरियर बघा.' पडदे, रंग, किचनचा ओटा तिचा. सातबारा, मोजणी, एनए, ठेकेदाराशी हिशेब पुरुषांचा. माझ्या मते खरी अडवणूक इथे आहे, कारण या धंद्यातला अधिकार जमिनीच्या कागदातून येतो.

म्हणून मला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नियम मोलाचा वाटतो. २०१६च्या कायद्याने एजंटला नोंदणी लागते, आणि महारेराने त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही बंधनकारक केली. चहाटपरीवरच्या ओळखीवर चालणाऱ्या दलालीला परीक्षेची वाट फुटली. ती मुलींना चालता येण्यासारखी आहे.

रेजासाठी मात्र अशी बंधनकारक परीक्षा नाही. तिची वाट घर बांधणाऱ्याच्या शब्दावर अडलेली आहे. कळमेश्वरात प्लॉट घेतला असेल आणि काम काढणार असाल, तर मिस्त्रीला एवढं सांगा: कंपाउंडची एक भिंत रेजाला रचू द्या, आणि त्या दिवसांची मजुरी तिला मिस्त्रीच्या दराने द्या.