न विचारलेली संमती

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास निघण्यापूर्वी मोटारीच्या एका चाकाच्या चार बोल्टांपैकी एकाचे आटे गेल्याचे आढळले. कोणीतरी नट तिरपा लावून जोराने आवळला होता. मी मिस्त्रींना म्हणालो, "डाय फिरवून भागवा, तीन तर शाबूत आहेत!" ते म्हणाले, "आटे नुसते चेपले असते तर फिरवली असती, साहेब. इथं लोखंडच झडलंय. नट बसेल, ताण धरणार नाही."

सारे त्या ताणातच आहे. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि चाक हबवर घट्ट दाबून धरतो. वरून मात्र ताण धरणारा नट आणि नुसता बसलेला नट सारखेच दिसतात.

स्वतःच्या जिवाची जोखीम पत्करण्याचा अधिकार मला असेलही; पण मागे बसणाऱ्या आईला मी कुठे विचारले होते? आणि घाटात समोरून येणाऱ्यांना विचारणार तरी कसे? त्यांच्या वतीने 'चालेल' म्हणून मी मोकळा झालो होतो.

मिस्त्रींनी जुना बोल्ट ठोकून काढला, नवा बसवला. दीड तास गेला. तो मी कुरकुरत काढला, हेही नमूद करतो. उशिराचे खरे कारण आईला अजून सांगितलेले नाही.