कळण्याआधी आणि कळल्यानंतर

प्रत्येक मोटारीला दोन नावे असतात. एक पाटीवरचे, साऱ्या जगाला दिसणारे: एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९, म्हणजे नागपूर शहर, नागपूर ग्रामीण किंवा पूर्व नागपूर. दुसरे तिच्या अंगावर कोरलेले, चेसिसवरचे सतरा अक्षर-अंकांचे. पाटी बदलायला दोन मिनिटे पुरतात. चेसिसवरचा क्रमांक मात्र घासावा लागतो किंवा तेवढा तुकडा कापून दुसरा जोडावा लागतो. चोरलेली गाडी उजळ माथ्याने बाजारात आणायची तर तिला खोटे नाव द्यावे लागते आणि हे नाव पुष्कळदा एखाद्या मेलेल्या गाडीचे असते. अपघातात चक्काचूर झालेली गाडी विमा कंपनी पूर्ण नुकसान धरून भंगारात काढते. तिच्या लोखंडापेक्षा तिच्या कागदांना अधिक गिऱ्हाईक असते. त्याच रंगाची, त्याच मॉडेलची गाडी चोरायची आणि मेलेलीचे नाव जिवंत गाडीला चिकटवायचे, असा हा धंदा आहे.

नागपूरकरांनी याला दूरची गोष्ट समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी चोरीच्या मालवाहू गाड्यांचे एक प्रकरण उघडकीस आणले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, वेगवेगळ्या राज्यांतून चोरलेल्या वाहनांचे चेसिस आणि इंजिन क्रमांक बदलायचे, अरुणाचल प्रदेश, नागालँड अशा दूरच्या राज्यांत त्यांची नोंदणी झाल्याचे दाखवायचे आणि तिथले ना-हरकत प्रमाणपत्र पुढे करून महाराष्ट्रात फेरनोंदणी करायची, अशी ही रीत होती. अटक झालेल्यांत अमरावती आणि नागपूर इथल्या परिवहन कार्यालयांतील अधिकारीही होते. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण एवढे तर उघड झाले की चोरीच्या गाडीला सरकारी शिक्क्याचा खरा कागद मिळू शकतो.

चोराविषयी नीतिशास्त्राला फार बोलावे लागत नाही. त्याचे पाप कोणालाही कळते. अवघड प्रश्न आहे तो साखळीतल्या शेवटच्या माणसाचा. समजा, कामठीचा एक शिक्षक आहे. त्याने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, थोडे मेहुण्याकडून घेतले आणि जुनी गाडी घेतली. किंमत बाजारभावाची, कागद स्वच्छ, नावावर चढवण्याची फी भरलेली. दोन वर्षांनी दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात उभे राहतात आणि सांगतात, ही गाडी चोरीची आहे. विकणाऱ्याचा फोन बंद, त्याचा पत्ता खोटा. गाडी जप्त होते. एका बाजूला ज्याची गाडी चोरीला गेली तो माणूस, दुसऱ्या बाजूला हा शिक्षक. दोघेही निरपराध. नुकसान मात्र एकच आहे आणि ते दोघांपैकी एकाला सोसायचे आहे. कोणी सोसावे?

कायद्याचे उत्तर जुने आहे. भारतीय वस्तुविक्रय अधिनियम, १९३० चे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क तो खरेदीदाराला देऊ शकत नाही. चोराकडे हक्क शून्य, म्हणून शेवटच्या खरेदीदाराकडेही शून्य. मध्ये दहा प्रामाणिक माणसे येऊन गेली तरी शून्याचे काही होत नाही. त्याच कायद्याचे कलम १४ विकणाऱ्यावर मालकीची हमी टाकते, म्हणजे खरेदीदाराने आपला पैसा त्याच्याकडून वसूल करावा. पण हाच कायदा पुढे कलम २९ मध्ये वेगळे बोलतो. मालकाने फसवणुकीला बळी पडून का होईना, स्वतः गाडी विकली असेल आणि तो व्यवहार रद्द करण्यापूर्वी ती नेकनीयतीने घेणाऱ्या तिसऱ्याकडे गेली असेल, तर त्या तिसऱ्याचा हक्क टिकतो. दोन्हीकडे खरेदीदार सारखाच निर्मळ, तरी एकाची गाडी जाते, दुसऱ्याची राहते. तेव्हा कायदा इथे खरेदीदाराची नीयत तेवढी तोलत नाही. मालकाने आपल्या हाताने वस्तू दिली होती का, हे तो आधी विचारतो.

हा वाद माणसाच्या संस्कृतीइतकाच जुना आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत हाच खटला आहे: हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती सापडली, तर खरेदीदाराने विकणारा आणि साक्षीदार हजर करावेत, वस्तू मालकाकडे जावी आणि खरेदीदाराचा पैसा विकणाऱ्याच्या घरातून भरून द्यावा. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने मध्यम मार्ग काढला. चोरीला गेलेली वस्तू मालकाने तीन वर्षांच्या आत मागावी. ती बाजारात किंवा तशा मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली असेल, तर खरेदीदाराने दिलेली किंमत मोजूनच ती परत घ्यावी.

आपल्या परंपरेतही एकच आवाज नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हजरत समुरा यांच्याकडून आलेल्या आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात असलेल्या हदीसचा आशय असा की आपली वस्तू ज्याला दुसऱ्याकडे सापडली तोच तिचा हक्कदार आणि खरेदीदाराने आपल्या विक्रेत्याला गाठावे. पण इमाम नसाई यांच्या संग्रहात दुसरा निवाडाही आढळतो. खरेदीदारावर कसलाही संशय नसेल, तर मालकाने एकतर त्याला किंमत देऊन वस्तू घ्यावी, नाहीतर चोराचा माग काढावा. आणि पहिल्या खलीफांनीही असाच न्याय केल्याचे तिथे सांगितले आहे. बहुतेक फुकहांनी पहिली बाजू उचलली. तरीही दुसरी बाजू आपल्याच ग्रंथांत जपून ठेवली गेली, याचा अर्थ निर्दोष खरेदीदाराचे दुःख जाणत्यांच्या नजरेतून सुटलेले नव्हते.

मला स्वतःला पहिली बाजू पटते, पण अर्धीच. गाडी मालकाकडे जावी हे योग्य आहे. चोरीने मालकी हस्तांतरित होते असे एकदा मानले, की चोराच्या आणि सभ्य माणसाच्या मधे एक भोळा माणूस उभा केला म्हणजे काम झाले. भोळेपणाचाच बाजार भरेल. इथे कोणी म्हणेल, मालकाला विम्याचे पैसे मिळून गेलेले असतात, आता गाडी एका श्रीमंत कंपनीकडे जाणार, मग गरीब शिक्षकाने का सोडावी? पण दावेदार श्रीमंत झाल्याने चोरीची वस्तू आपली होत नाही. हाच तर्क उद्या आपल्या दुकानातून उचललेल्या मालाला कोणी लावला तर आपल्याला चालणार नाही.

अर्ध्या बाजूशी मात्र माझे भांडण आहे. खरेदीदाराने नीट पाहायला हवे होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याने चेसिसचा क्रमांक पाहिला, नोंदणी पुस्तकाशी ताडला, परिवहन कार्यालयात अर्ज केला, फी भरली, शिक्का घेतला. सामान्य माणसाने याहून अधिक काय करावे? सरकारने गाडीची नोंदणी सक्तीची केली, फी घेतली, तपासणीचा अधिकार स्वतःकडे ठेवला. ज्याच्या हाती तपासणी, त्याच्या माथी जबाबदारी. गाडी डोळ्यांनी न पाहता कोणी शिक्का मारला असेल, तर खरेदीदाराच्या नुकसानीचा हिस्सा त्या कार्यालयाने उचलला पाहिजे. आज तो माणूस दिवाणी दाव्याच्या रांगेत एकटा उभा असतो आणि ज्याच्यावर दावा करायचा तो गायब असतो.

आता या प्रश्नाचा गाभा. न कळता चोरीची गाडी वापरली, यात गुन्हा नाही आणि गुनाहही नाही. जुन्या दंड संहितेचे कलम ४११ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ दोन्ही हेच पाहतात की माल चोरीचा आहे हे माणसाला माहीत होते का, किंवा तसे मानायला त्याच्याकडे कारण होते का. या दुसऱ्या शब्दांकडे लक्ष द्यावे. चार लाखांची गाडी कोणी दीड लाखात देत असेल, कागद ‘नंतर देतो’ म्हणत असेल आणि रोख रकमेचाच आग्रह धरत असेल, तर आपल्या मनाने ‘विचारू नकोस’ असा सल्ला दिलेला असतो. हे अज्ञान आपणच पैसे वाचवण्यासाठी विकत घेतलेले असते.

पण खरी परीक्षा कळल्यानंतर येते. समजा, पोलीस अजून आलेले नाहीत. मिस्त्रीने इंजिन खोलले आणि म्हणाला, ‘साहेब, हा नंबर घासलेला आहे.’ त्या क्षणापर्यंत आपण लुटलेले होतो. त्या क्षणानंतर आपल्या हातात दोन वाटा असतात. एक पोलीस ठाण्याची, जिथे गाडी जाणार आणि पैसाही बहुधा बुडणार. दुसरी वाट सोपी आहे: चार दिवसांत गिऱ्हाईक बघायचे, दहा हजार कमी घ्यायचे, गाडी मोकळी करायची. आपण स्वतःला समजावतो, मीही तर फसलोच होतो. पण ज्या दिवशी आपण ती पुढे विकतो, त्या दिवशी आपल्यात आणि पहिल्या विक्रेत्यात फरक उरत नाही. फसलेला असणे हा परवाना नाही. अशा विक्रीतून आलेल्या पैशाची रोटी हलाल कशी म्हणायची?

इथे आपल्या वाचकाच्या मनातली एक भीती मांडली पाहिजे. ‘ठाण्यात माझे नाव ऐकल्यावर मला फसलेला मानतील की टोळीतला?’ ही भीती काल्पनिक आहे असे मी म्हणणार नाही. मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला हा प्रश्न पडतो आणि दुसऱ्या वस्तीतल्या बँक अधिकाऱ्याला तो तितका पडत नाही, हे आपल्या समाजजीवनाचे दुखणे आहे. पण या भीतीमुळे गप्प राहिल्याने संशय वाढतो. आपण होऊन, लेखी, वकिलासह किंवा मोहल्ल्यातल्या दोन जबाबदार माणसांसह सांगायला गेलेला माणूस आणि गाडी लपवताना सापडलेला माणूस यांत कायदाही फरक करतो. एकट्या माणसाला हे धाडस जड जाते. त्याच्याबरोबर जाणे हे जमातीचे काम आहे. मशिदीच्या बांधकामाला वर्गणी जमवणाऱ्या आपल्या समित्यांनी अशा माणसासोबत ठाण्याची पायरी चढली, तर तीही इबादतच आहे.

आणि खरेदीपूर्वीची काळजी? कुराणातली सर्वांत दीर्घ आयत, सूरा अल-बकरामधली २८२ वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार करा, हा तिचा विषय आहे. आपण मात्र ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कागद टाळतो आणि त्याला विश्वास म्हणतो. विकणाऱ्याचे घर पाहावे. पैसा बँकेतून द्यावा. परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र ज्या कार्यालयाचे आहे तिथे स्वतः खात्री करावी. चेसिसचा क्रमांक जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावा. विकणारा प्रामाणिक असेल तर या चौकशीने त्याचा अपमान होत नाही. उद्या त्याच्यावर आळ आला तर हेच कागद त्याच्या बाजूने बोलतील.

तरीही सगळी काळजी घेऊन माणूस फसू शकतो, तेव्हा गाडी जाईल, पैसा जाईल. चोराने आपल्याकडून काय घ्यावे हे आपल्या हातात नव्हते. दुसऱ्याला आपण काय विकावे, हे मात्र शेवटपर्यंत आपल्याच हातात असते.