हौसेला मोल नसतं, पण हिशेब मागतात

आपल्याकडे कुठल्याही हौसेला पहिला प्रश्न किमतीचा येतो. ‘केवढ्याला पडलं?’ मग ती हौस जुन्या पेनांची असो, ट्रेकिंगच्या बुटांची असो, नाहीतर माझ्यासारखी दाढी करण्याची. दाढी राखण्याची नव्हे, करण्याची. हा खुलासा दरवेळी करावा लागतो, कारण राखणाऱ्याला आता कुणी काही विचारत नाही. दाढीचं तेल, दाढीचा कंगवा, दाढीचा बाम हे सगळं एखाद्याच्या ऑफिसबॅगेतून निघालं तरी चालतं. पण साबणाची वाटी, ब्रश आणि दुधारी पात्याचा जुन्या घडणीचा रेझर दिसला की समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येतं. ते हसू नेमकं कशाला असतं, हे मला बरेच दिवस समजून घ्यायचं होतं.

प्रकार तसा साधा आहे. चेहरा कोमट पाण्याने भिजवायचा. ब्रश पाण्यात मुरवायचा, साबणाच्या वडीवर फिरवायचा, आणि दह्यासारखा दाट फेस होईपर्यंत वाटीत घोटायचा. मग एकच पातं असलेला रेझर, स्वतःच्या वजनावर, जोर न देता. एकदा केसांच्या दिशेने, एकदा आडवा, धीर असेल तर एकदा उलटा. शेवटी गार पाणी आणि तुरटी. वीस-पंचवीस मिनिटं जातात. या सगळ्याला इंग्रजीत ‘वेट शेव्हिंग’ असं भारदस्त नाव आहे. मराठीत वेगळं नाव नाही, कारण आपल्याकडे पाण्याशिवायची हजामत हाच अपवाद होता. इतका, की ‘बिनपाण्याने करणे’ ही आपण शिक्षेसाठी राखून ठेवली.

पश्चिमेकडे ही हौस म्हणजे माघारी जाणं आहे. किंग कॅम्प जिलेटचा दुधारी पात्याचा रेझर १९०३ साली बाजारात आला, पहिल्या वर्षी ५१ नग खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो सरकारने दिला आणि युद्ध संपल्यावर तो त्यांच्याबरोबर घरोघरी गेला. मग १९७१ साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. या चढत्या भाजणीला कंटाळलेली काही माणसं पुन्हा एका पात्याकडे वळली. त्यांच्या दृष्टीने हा एक छोटासा बंडखोरपणा.

आपल्याकडे मात्र माघारी जायला माणूस आधी पुढे तरी गेलेला हवा. अजून कुठल्याही किराणा दुकानात, शाम्पूच्या पुड्यांच्या माळांशेजारी, पात्यांची पाकिटं लटकलेली असतात. २०१० साली जिलेट कंपनीने भारतासाठी एका पात्याचा, १५ रुपयांचा ‘गार्ड’ रेझर काढला. त्याआधी त्यांची माणसं इथल्या घरांत बसून पुरुषांना दाढी करताना बघत होती. त्यांना दिसलं ते असं : नळाला वाहतं पाणी नाही, माणूस जमिनीवर बसलेला, समोर छोटा आरसा आणि एक वाटीभर पाणी. पाश्चात्त्य हौशी माणूस ज्याला पारंपरिक विधी म्हणून जपतो, तो इथे पाणीटंचाईतला रोजचा उरक होता.

म्हणून आपल्याकडच्या प्रतिक्रिया वेगळ्या असतात. वडिलांच्या पिढीला यात काही वेगळं दिसतच नाही; त्यांना दिसतो तो फक्त आकडा. सोलिंगेनहून आलेला जर्मन रेझर चार-पाच हजारांना, हे ऐकल्यावर वडील काही बोलले नाहीत. आत गेले आणि स्वतःचा, टोपाझचं पातं लावलेला, मुठीवरचा मुलामा गेलेला रेझर माझ्यापुढे ठेवून पेपर वाचायला बसले. आईचा आक्षेप निराळा. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे ब्रश असतात हे तिला कळलं तेव्हा, ‘कुठल्या जनावराचे केस तोंडाला फासतोस’ असं तिने विचारलं. (माझा ब्रश सिंथेटिक आहे. पण तिचा प्रश्न हा मला आजवर विचारलेल्या प्रश्नांतला नैतिकदृष्ट्या सगळ्यात सरळ प्रश्न होता.) मित्रांचं ठरलेलं : ‘एवढा वेळ मिळतो कसा रे?’ वर वर कौतुक, आत टोमणा.

असं विचारलं की आम्ही हौशी लोक उत्तरं देतो, आणि माझ्या मते तिथेच सगळं बिघडतं. आम्ही म्हणतो, पैसे वाचतात. एका कार्ट्रिजच्या किमतीत साध्या पात्यांची कितीतरी पाकिटं येतात. आम्ही म्हणतो, प्लास्टिकचा कचरा होत नाही. आम्ही म्हणतो, त्वचेला बरं. यातलं काहीही खोटं नाही. पण ज्याच्या कपाटात नऊ साबण आहेत आणि ज्याचा एक साबण चार-चार महिने पुरतो, त्याने बचतीबद्दल बोलू नये. ही कारणं नाहीत, दाखले आहेत; सरकारी कचेरीत जोडतात तसे. खरं उत्तर तीन शब्दांचं आहे : ‘मला ते आवडतं.’ ते उत्तर चारचौघांत टिकत नाही, म्हणून आपण त्याला उपयोगाचं प्रमाणपत्र जोडतो.

‘हौसेला मोल नसतं’ असं आपण म्हणतो खरं, पण ते बहुतेक लग्नाच्या खर्चासाठी. दोनशे माणसांसमोर केलेली हौस आपल्याला कळते. बंद दाराआड, एकट्याने, कुणी बघत नसताना केलेली हौस कळत नाही. त्यातून काय मिळतं हे बाहेरून दिसत नाही. पंचवीस मिनिटांनी मी बाहेर येतो तेव्हा शेजाऱ्याची दोन मिनिटांत ट्रिमरने झालेली दाढी आणि माझी दाढी यांत तिऱ्हाइताला ओळखू येईल असा काहीच फरक नसतो. म्हणजे जी काही मिळकत होती ती सगळी करण्यात होती, झाल्यावर दाखवायला शिल्लक शून्य. समोरचा हसतो तो बहुधा या शून्याला.

या हसण्याबद्दल सगळ्यात शहाणपणाचं जे वाचलं ते ॲडम स्मिथचं. अर्थशास्त्रवाला तोच, पण पुस्तक वेगळं : १७५९ सालचं ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, काही भावना माणसाच्या कल्पनेला लागलेल्या खास वळणातून येतात. प्रेमात पडलेल्या माणसाचं प्रेम खरंच असतं, पण तिसऱ्याला त्यात शिरता येत नाही, म्हणून त्याला ते हास्यास्पद दिसतं. स्वतःचा अभ्यास, स्वतःचा धंदा, स्वतःचे मित्र यांबद्दल बोलतानाही म्हणून माणसाने हात राखून बोलावं. समोरच्याला आपल्याइतकं वेड लागलेलं नाही, एवढं भान पुरे.

मला हे पटतं, आणि ते हसणाऱ्याच्या बाजूने पटतं. तुमच्या वेडात मला शिरता आलं नाही तर तो माझा गुन्हा नाही. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला मी पात्यांच्या धारेतले बारकावे सांगू लागलो, तर त्याने हसावंच. पण शिरता न येणं वेगळं आणि बाहेर उभं राहून दगड मारणं वेगळं. ‘मला यात काही कळत नाही’ असं म्हणणारा माणूस माझ्या हौसेला तिच्या जागी राहू देतो. ‘तुला दुसरं काही काम नाही का’ म्हणणारा माझ्या वेळेवर मालकी सांगतो. स्मिथने हौशी माणसाला आवरायला सांगितलं, ते ठीक. पण दुसऱ्याच्या निरुपद्रवी आनंदाचा पंचनामा करण्याची जी आपली सवय आहे, तीही त्याच मापाने मोजायला हवी. जुने मोबाइल जमवणाऱ्याला, कबुतरं पाळणाऱ्याला, घरच्या घरी कॉफी भाजणाऱ्याला एकच प्रश्न येतो, आणि विचारणारा त्याच वेळी रील्स बघत असतो. त्याला स्वतःचा वेळ दिसत नाही, कारण तो सगळ्यांबरोबर जातो.

तरीही दोन प्रतिक्रिया अशा आहेत ज्यांना मी टोमण्यांच्या टोपलीत टाकू शकत नाही.

एक बहिणीची. आमचं घर वन बीएचके, न्हाणीघर एक, सकाळी गाडी सगळ्यांचीच. ती कधी हसली नाही. एकदा फक्त एवढंच म्हणाली, ‘मला असे पंचवीस मिनिटं मिळाले असते तर मी झोपले असते.’ यात किंमत नाही, थट्टा नाही. यात वाटणीचा प्रश्न आहे. पुरुषाने सावकाश दाढी करणं ही ‘हौस’ आणि बाईने आरशासमोर तेवढाच वेळ काढणं हा ‘नट्टापट्टा’, हे एक झालंच. पण त्याहून खोल हे, की सावकाशपणा ही हवेसारखी फुकट मिळणारी गोष्ट नाही. घरात एक जण सावकाश असतो तेव्हा दुसरं कुणीतरी घाईत डबे भरत असतं. शांतपणे, एकाग्र होऊन, क्षणात राहून वगैरे जे काही आपण आरशासमोर करतो, त्याचा मोबदला शेगडीपाशी कुणीतरी देतं. आमच्याकडे आता दाढी रात्री होते. सकाळच्या उजेडात फेसाचा रंग फार छान दिसतो, पण ते असो.

दुसरी प्रतिक्रिया आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांची. त्यांच्यासमोर ही हौस काढायला मी टाळत होतो, आणि ते का टाळत होतो हाच या सगळ्यातला अवघड भाग आहे.

मी ज्याला कला म्हणतो, ते त्यांच्या घराण्याला जन्माने चिकटवलेलं काम होतं. बारा बलुतेदारांत न्हावी. वर्षभर गावाची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागून घ्यायचं. धोकटीतला वस्तरा त्यांच्या हातात हौसेने आला नाही. या वस्तऱ्याने काय करायचं आणि काय नाही, हेही गावच ठरवे. कित्येक गावांत दलितांची हजामत त्याने करायची नाही असा दंडक होता, आणि वस्तीतलाच कुणीतरी मग कात्री-वस्तरा हाती घेई. ब्राह्मण विधवांचं केशवपन मात्र त्यानेच करायचं. या शेवटच्या कामाला मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नकार दिला. आमचा वस्तरा या बायकांच्या डोक्याला लागणार नाही, असं ठरवलं. वस्तरा धरायचा कसा यावर मी तासभर बोलू शकतो. धरायचाच नाही, असं म्हणायला काय लागतं ते त्या लोकांना माहीत होतं. आपल्या संतांत सेना न्हावी आहेत. आरसा आणि चिमटा या धोकटीतल्या वस्तूंतून त्यांनी विवेक-वैराग्य सांगितलं. म्हणजे या कामात मन लावण्यासारखं काही आहे, हा शोध आमचा नाही. तो करणाऱ्यांनी कधीच लावला होता. त्यांच्या मन लावण्याला हौस म्हणायची सोय मात्र नव्हती.

एकीकडे असंही वाटतं, की स्वतःची दाढी स्वतः करणं यात एक मुक्ती होती. किराणा दुकानातल्या पात्याने जात विचारली नाही. ज्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता त्याला घरच्या आरशापुढे कुणाची परवानगी लागली नाही, आणि न्हाव्यालाही रोज दारोदार जायचं उरलं नाही. हा स्वस्त, पत्र्याचा, दुधारी रेझर त्या अर्थाने मोठा माणूस आहे. तोच आज मखमली खोक्यात घालून मी ‘परंपरा’ म्हणून मिरवायचा, यात काहीतरी वाकडं बसतं. परंपरा कुणाची, आणि तिच्यातून सुटायला कोण धडपडत होतं?

गेल्या महिन्यात केस कापताना विषय निघालाच. काकांनी नेहमीप्रमाणे पातं कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, अर्धं कागदात गुंडाळून ठेवलं. मानेवरचे केस काढताना म्हणाले, ‘दादा, दाढी घरीच करता वाटतं. बरी करता.’ मी सांगितलं. ब्रश, साबण, सगळं. थोडं आवरतं घेऊन, स्मिथ आठवत. आता ते हसतील, किंवा एक गिऱ्हाईक गेलं म्हणून गप्प होतील, असं वाटलं होतं. त्यांनी किंमत विचारली नाही. वेळही विचारला नाही.

‘हात बसायला किती दिवस गेले?’ एवढंच विचारलं.

‘तीन-चार महिने, काका.’

‘मला वर्ष लागलं. वडील फुग्याला साबण लावून द्यायचे. फुटला की कानाखाली.’ मग माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, दिव्याकडे वळवली, आणि जबड्याखाली डाव्या बाजूला अंगठा टेकवून कातडी ताणली. ‘इथे लाल होतं ना तुमचं? इथे केस गोल फिरलेत. इथे उलटा मारू नका, खालून कानाकडे घ्या.’

मी सहा महिने त्या जागेशी झगडत होतो. काकांनी वस्तरा पुसला, टॉवेल झटकला आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला बोलावलं.