दुसऱ्याच्या पायांत अडकलेला जीव

आमच्या पेठेत एक निवृत्त मास्तर राहतात. वय सत्तरीच्या पलीकडे, बोलणे भूमितीचा सिद्धांत समजावून द्यावा तसे संथ. पण कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि त्यातून आपल्या तालमीचा सामना असला, की हा संथपणा कुठल्या कुठे जातो. सकाळपासून घास उतरत नाही. पेपर उलटा धरून वाचतात, असे त्यांची सून म्हणते.

तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना शाहू स्टेडियमची बंदी केली आहे. मास्तर पडले आज्ञाधारक. ते आत जात नाहीत. बाहेर रस्त्याकडेला बसतात आणि आतला आवाज ऐकतात!

"आवाजावरून सगळे कळते हो," ते मला म्हणाले. "आपला गोल झाला तरी आरडाओरडा होतो, त्यांचा झाला तरी होतो. पण बाजू निराळी असते."

"मग डॉक्टरांच्या बंदीचा उपयोग काय?"

"त्यांनी स्टेडियम बंद केले. कान कुठे बंद केलेत?"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना यात अतिशयोक्ती वाटेल. पण आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाळ ही नुसती संघांची नावे नव्हेत. या तालमी आहेत. जिथे एकेकाळी शड्डू घुमले, त्याच तालमींची पोरे आज फुटबॉल खेळतात. इथे संघ कोणी निवडत नाही. आडनावासारखा तो जन्मतःच चिकटतो.

आणि हे वेड कोल्हापूरपुरतेही नाही. २००६ साली विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली, तेव्हा म्युनिक शहर आणि परिसरातल्या डॉक्टरांनी एक हिशेब मांडला. ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे, त्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण एरवीच्या अडीच पटींहून अधिक निघाले. त्यातही सामना सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास सर्वांत वाईट. इंग्लंडचा संघ १९९८ साली अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तिथल्या इस्पितळांत हृदयविकाराचे झटके आलेले रुग्ण सुमारे चतुर्थांशाने वाढले होते. पळणारे बावीसजण धडधाकट घरी जातात, आणि खुर्चीत बसलेला माणूस आडवा होतो. त्याच्या शरीराला हा खेळ आहे हे कळतच नाही. वाघ समोर आल्यावर रक्तात जे उसळायचे तेच उसळते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. फरक इतकाच, की वाघापुढून पळता तरी येते.

शहाणी माणसे यावर हसतात. गीतेने फळाची आशा न धरता कर्म करायला सांगितले. हा गृहस्थ कर्म मुळीच न करता फळाची आशा धरून बसला आहे! विनोद चांगला आहे, मीही तो पुष्कळदा केला आहे. पण मुलगा परीक्षेला आत बसलेला असताना शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईला आपण हसतो का? तिच्या हातीही काहीच नसते. ज्याच्यावर जीव जडला त्याचे बरेवाईट आपल्या हाती नसणे, ही काही फुटबॉलने काढलेली नवी रीत नाही. तेव्हा मास्तरांच्या छातीतली कळ मला वेडेपणाची वाटत नाही. ती त्यांनी पत्करली आहे आणि तिचे मोल तेच देतात.

मला अडचण वाटते ती याच्या पुढे. आपल्या दुःखाची वसुली आपण कोणाकडून करतो?

१६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वचषकासाठी उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे जमली होती. खेळ संपायला अकरा मिनिटे उरली असताना घिज्जियाने गोलरक्षक बार्बोझा आणि खांब यांच्यामधून चेंडू आत घातला, आणि ब्राझील १-२ असा हरला. बार्बोझा पुढे पन्नास वर्षे जगला, २००० साली वारला. साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हा, असे एका बाईने दुकानात आपल्या लहान मुलाला दाखवले होते, ही आठवण तो स्वतःच सांगे. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, माझी मात्र संपता संपत नाही, असे तो म्हणे. कोलंबियाच्या एस्कोबारच्या वाट्याला तेवढीही वर्षे आली नाहीत. १९९४ च्या विश्वचषकात त्याच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला. दहा दिवसांनी त्याला मेडेयिन शहरात गोळ्या घालून मारले.

ही दूर देशची रानटी माणसे, असे म्हणायला मला आवडले असते. पण गेल्या वर्षी उपांत्य सामना टायब्रेकरवर गेला. आमच्या पोराने मारलेला शेवटचा चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. मी सभ्य माणूस समजला जातो, दोन संस्थांवर आहे. त्या दिवशी फाटकाशी उभा राहून, घसा बसेतो, मी त्याच्याविषयी जे जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. भोवतालचे दहाजण माझ्याहून पुढे जात होते.

मास्तर पलीकडे बसले होते. चेहरा पांढरा, एक हात छातीवर. आवाज कोणत्या बाजूने आला ते त्यांना कळलेच होते. पोरगा बूट हातात घेऊन, मान खाली घालून बाहेर आला आणि आम्हांला पाहून थबकला. तेवढ्यात मास्तर उठले, भिंतीला धरत धरत आमच्यामधून त्याच्यापर्यंत गेले.

"सकाळपासून जेवला नसशील तू?" त्यांनी विचारले.

पोराने नुसती मान हलवली.

"मीही नाही. चल."

शब्द जरा बोबडे आले. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांच्या जिभेखाली होती.