हाताने केलंय का?

केकच्या कडेने लावलेली साखरेची नाजूक जाळी तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिली असेल. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी रात्रभर बसून ही नक्षी कोनाने काढली असणार. तसं नसतं. नक्षी सिलिकॉनच्या मॅटवर आधीच कोरलेली असते. पिठीसाखर, कॉर्नफ्लोर, टायलोज किंवा सीएमसी पावडर, लिक्विड ग्लुकोज, थोडं ग्लिसरीन आणि पाणी यांचं गुळगुळीत मिश्रण करायचं. ते स्क्रेपरने मॅटच्या खाचांमध्ये दाबून भरायचं आणि वरचं जास्तीचं निपटून काढायचं. मग ओव्हनमध्ये 70-80 अंशांवर, नाहीतर पंख्याखाली रात्रभर वाळवायचं. मॅट उलटी करून अलगद सोडवली की कापडासारखी वळणारी लेस हातात येते. तिला शुगर लेस म्हणतात आणि ती खाताही येते.

माझी मावशी चिंचवडला घरून केक करून विकते. लेस लावलेला केक पाहिला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हाताने केलंय का?" मावशी खरं सांगते, "नाही हो ताई, मॅट असते त्याची." मग दुसरा प्रश्न येतो, "मग एवढे पैसे कशाचे?"

पहिला प्रश्न रास्त आहे. आपण काय विकत घेतोय हे माणसाला कळलंच पाहिजे. मला छळतो तो दुसरा प्रश्न. कारण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: वस्तू सुंदर आहे एवढं पुरेसं नाही, ती करताना तुला किती त्रास झाला तेही दाखव.

खरं तर मॅट असली तरी काम असतंच, ते फक्त दिसत नाही. ग्लिसरीन कमी पडलं तर लेस सोडवताना तुटते, जास्त झालं तर वाळतच नाही. ओव्हनमध्ये जरा जास्त वेळ राहिली की पापडासारखी कडक होते. जुलैमधल्या दमट हवेत रात्रभर ठेवूनही बोटांना चिकटते. फॉन्डंटवर पाण्याचा हलका हात फिरवला की ती छान बसते, पण व्हिप्ड क्रीमचा ओलावा तिला विरघळवतो. म्हणून क्रीमच्या केकवर ती अगदी शेवटी लावायची. फ्रिजमधून काढलेल्या थंड केकवर दव धरतं, त्यानेही लेस मऊ पडते. हे सगळं मावशी कित्येक लेसी वाया घालवून शिकली. त्या वाया गेलेल्या साखरेचं बिल कुठल्याच गिऱ्हाइकाकडे गेलेलं नाही.

आता माझं काम बघा. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कुणीतरी लिहून ठेवलेली लायब्ररी मी इम्पोर्ट करते, चार ओळी जोडते आणि फीचर चालू होतं. "हे सगळं तू हाताने लिहिलंस का?" असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. उलट तयार कोड असताना सगळं पहिल्यापासून लिहायला बसले, तर वेळ वाया घालवते म्हणून रिव्ह्यूमध्ये ऐकून घ्यावं लागेल. लायब्ररी माझी मॅट आहे. माझ्या धंद्यात मॅट वापरणं म्हणजे हुशारी आणि मावशीच्या धंद्यात तेच म्हणजे पळवाट. आम्ही दोघीही बायकाच. फरक एवढाच की माझं टेबल ऑफिसात आहे आणि तिचं स्वयंपाकघरात.

लेसच्या इतिहासात हा फरक जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने 1808-09 च्या सुमारास जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटं घेतली आणि यंत्रावरची लेस स्वस्त होत गेली. मग हाताने विणलेल्या लेसला "खरी लेस" म्हणून प्रतिष्ठा मिळाली. ती प्रतिष्ठा लेस मिरवणाऱ्यांच्या वाट्याला आली. घरी बसून विणणाऱ्या बायका गरीबच राहिल्या.

आपल्याकडचं उदाहरण आंध्रातल्या नरसापूरचं आहे. तिथे बायका घरोघरी क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते असं, की या बायका दिवसाचे कितीतरी तास विणत, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या "गृहिणी", फावल्या वेळात विणणाऱ्या. म्हणून मजुरीही फावल्या वेळाची. म्हणजे इथे सगळं हाताने केलेलं होतं, कष्ट ढळढळीत दिसत होते, तरी पैसे मिळाले नाहीत. तेव्हा "हाताने केलं असतं तर दिले असते हो" या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही.

घामाला दाम मिळाला पाहिजे, असं आपण म्हणतो. ही मागणी राबणाऱ्याची आहे, त्याच्या बाजूने केलेली आहे. पण विकत घेणाऱ्याच्या तोंडी तीच उलटी होते: आधी घाम दाखव, मग दाम देतो.

यावर कुणी म्हणेल, कष्टांना काहीच अर्थ नाही का? संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवा. शेगडीवर परात ठेवून खसखशीवर किंवा तिळावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि काटा येईपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात. असा हलवा ओवून आजीने नातवाच्या बोरन्हाणासाठी दागिने केले, तर त्या भाजलेल्या बोटांना अर्थ आहेच. पण ती तिने आपण होऊन दिलेली भेट आहे. भेटीतले कष्ट देणारा ठरवतो. पैसे मोजून दुसऱ्याची बोटं भाजायला सांगणं ही निराळी गोष्ट झाली.

मग गिऱ्हाइकाला सरळ "हो, हातानेच केलंय" म्हणून टाकावं का? स्क्रेपर फिरवला तो हातानेच ना! हा मोह मला समजतो, पण ते खोटंच आहे. आणि त्याची झळ गिऱ्हाइकापेक्षा दुसऱ्याच बाईला बसते. बारीक नोझलने रॉयल आयसिंगची जाळी थेंबाथेंबाने काढणारी माणसं आजही आहेत. त्यांच्या कामाला खरंच तास लागतात, त्यातले काही तुकडे उचलतानाच मोडतात. त्यांनी जास्त पैसे मागावेत आणि ज्याला ते हवंय त्याने द्यावेत. तास हा करणाऱ्याचा खर्च आहे. तो तिने किमतीत धरावा. गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून तो सादर करायची गरज नाही.

मध्यंतरी कळलं, की मावशी लेसचे वेगळे पैसे लावतच नाही. मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "अगं, सगळं मॅट करते, मी नुसतं पुसते."

मी म्हटलं, "माझंही सगळं लॅपटॉपच करतो."

"तुला कंपनी देते गं, महिन्याच्या महिन्याला. मला समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून मागावे लागतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या पगारातला किती भाग माझ्या कौशल्याचा आणि किती या सोयीचा, की मला कुणाच्या तोंडाकडे बघून पैसे मागावे लागत नाहीत? हा हिशोब मी अजून मांडतेय.

तोवर एक गोष्ट विकत घेणाऱ्यांच्या हातात आहे, आणि केक विकत घेणारे आपण सगळेच आहोत. हाताने केलंय का, हे जरूर विचारा. खरं उत्तर मिळालं तर ते खरं सांगितल्याचा दंड त्या बाईला करू नका. केक आवडला आणि परवडत असेल, तर सांगितलेली किंमत द्या. परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. फक्त तिला तिचे कष्ट मोजून दाखवायला लावू नका.